फाइल पोचली, चोरकप्पा कुठंय?

ऑक्टोबर २०२५ च्या विंडोज अपडेटनंतर बऱ्याच ऑफिसांत एकच बोंब सुरू झाली. फाइल एक्सप्लोररमध्ये उजवीकडच्या चौकटीत पीडीएफचा प्रीव्ह्यू दिसायचा तो गायब, आणि त्याजागी ही फाइल तुमच्या कॉम्प्युटरला अपाय करू शकते अशा अर्थाची तंबी. दिवसभर बिलं नुसती प्रीव्ह्यूत बघून पुढं सरकवणारी अकाउंटची माणसं वैतागली. त्यात गंमत अशी की नेटवरून उतरवलेल्या बिलाला प्रीव्ह्यू नाही, पण तेच बिल पेन ड्राइव्हवर टाकून परत आणलं की प्रीव्ह्यू हजर. फाइल तीच, नाव तेच, साइज तीच, आतलं एक अक्षर बदललेलं नाही. मग विंडोजला कळतं कसं की पहिली बाहेरून आलीय आणि दुसरी घरातली?

उत्तर फाइलीच्या आतच आहे, फक्त आपण ज्याला ‘आत’ म्हणतो तिथं नाही.

## कपाट एक, कप्पे दोन

जुन्या लोखंडी कपाटात लॉकरच्या मागं एक चोरकप्पा असायचा, आठवतोय? दार उघडलं की साड्या, फायली, औषधांचा डबा सगळं दिसायचं, पण चोरकप्पा ज्याला माहीत त्यालाच सापडायचा. विंडोजमधली फाइल तशी असते. विंडोज डिस्कवर फाइली ज्या पद्धतीनं लावून ठेवतं त्या पद्धतीचं नाव एनटीएफएस, आणि एनटीएफएसमध्ये एकाच फाइलीत डेटाचे एकापेक्षा जास्त प्रवाह ठेवता येतात. मुख्य प्रवाह बिननावाचा, डबल क्लिक केल्यावर जे उघडतं ते. बाकीच्यांना स्वतःचं नाव असतं आणि त्यांना ऑल्टरनेट डेटा स्ट्रीम म्हणतात. हे नाव एकदाच सांगितलं, इथून पुढं मी सरळ चोरकप्पाच म्हणणार आहे.

चोरकप्प्याचा पत्ता कोलन टाकून लिहितात. फाइलीचं नाव ‘यादी’ असेल तर ‘यादी’, मग कोलन, मग ‘गुपित’. कमांड प्रॉम्प्ट उघडून एको कमांडनं एखादं वाक्य या पत्त्यावर पाठवून बघा, विंडोज एक शब्द न बोलता ठेवून घेतं. आता एक्सप्लोररमध्ये ‘यादी’ची साइज बघा, होती तेवढीच. त्या गुपितात ५०० एमबीचा लग्नाचा व्हिडिओ कोंबलात तरी एक्सप्लोरर जुनीच साइज सांगत राहणार, डिस्क मात्र तेवढी भरलेली असणार. फाइलींची यादी दाखवणाऱ्या साध्या डीआयआर कमांडलाही काही दिसत नाही, पुढं स्लॅश आणि आर लावला तरच कप्पे दिसतात, आणि ही सोयसुद्धा विंडोज व्हिस्टापासून आली, त्याआधी वेगळं टूल आणावं लागायचं.

## असलं लपवाछपवीचं काम केलं कुणी?

लपवायला नव्हतंच केलं. १९८४ साली पहिला मॅकिंटॉश आला तेव्हापासून मॅकच्या प्रत्येक फाइलीला दोन फाटे होते. एकात डेटा, दुसऱ्यात आयकॉन, मेनू, फॉन्टचे आकार असली सामग्री, त्याला रिसोर्स फोर्क म्हणायचे. पुढं १९९३ मध्ये मायक्रोसॉफ्टनं विंडोज एनटी काढलं, सर्व्हर म्हणून विकायचं होतं, आणि ऑफिसात मॅकवालेही असणार हे उघड होतं. मॅकची दोन फाट्यांची फाइल विंडोजच्या सर्व्हरवर ठेवायची तर दुसरा फाटा ठेवायला जागा नको का? म्हणून एनटीएफएसमध्ये ही सोय केली. म्हणजे ज्याला आज लोक हॅकरांची जागा म्हणतात ती मुळात पाहुण्यांची खोली होती.

आणि याच १९८४ साली सन कंपनीत एनएफएस तयार होत होतं, युनिक्स नावाच्या ऑपरेटिंग सिस्टिमची फाइल नेटवर्कवरून वापरायची पद्धत. युनिक्सचा फाइलीबद्दलचा विचार एकदम सरळ, फाइल म्हणजे बाइटांची एकच लांब ओळ, फाटे नाहीत, कप्पे नाहीत. एकाच वर्षी दोन घरांत दोन वेगळे संसार सुरू झाले आणि चाळीस वर्षं झाली तरी त्यांचं पटलेलं नाही.

रिसोर्स फोर्कची गोष्ट जुनी वाटत असेल तर एक ताजा किस्सा. सदाशिव पेठेत माझा एक मित्र डीटीपी करतो. दोन वर्षांपूर्वी, गणपती नुकतेच गेलेले, दिवाळी अंकांचं काम डोक्यावर, आणि पठ्ठ्यानं तेव्हाच नवीन मॅक घेतला. जुन्या मॅकवर देवनागरीचे बावीस फॉन्ट, युनिकोडच्या आधीच्या जमान्यातले. ते पेन ड्राइव्हवर घेतले, पेन ड्राइव्ह ऑफिसच्या विंडोजच्या पीसीला लावली, तिथून ते ऑफिसातल्या नेटवर्क स्टोरेजच्या डब्यावर, म्हणजे सगळ्यांना नेटवर्कवरून वापरता येणाऱ्या डिस्कवर, टाकले, मग नव्या मॅकवर ओढले. बावीसच्या बावीस शून्य केबी. मला फोन, “अरे नावं सगळी आहेत रे, आत काहीच नाही.” जुन्या मॅकच्या त्या फॉन्ट फाइलींचं असंच असतं, मुख्य प्रवाह रिकामा आणि अख्खा फॉन्ट दुसऱ्या फाट्यात. हे प्रकरण शेवटी कसं निस्तरलं ते पुढं सांगतो.

## मग प्रीव्ह्यूचा काय संबंध?

२००४ मध्ये विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ या मोठ्या अपडेटपासून मायक्रोसॉफ्टनं या पाहुण्यांच्या खोलीत स्वतःचं बिऱ्हाड केलं. नेटवरून काही उतरवलं की ब्राउझर किंवा मेल प्रोग्रॅम त्या फाइलीच्या चोरकप्प्यात एक चिठ्ठी ठेवतो. कप्प्याचं नाव झोन डॉट आयडेंटिफायर. साध्यात साधी चिठ्ठी अवघ्या २६ बाइटांची असते, दोन ओळी, आणि दुसऱ्या ओळीत झोनचा नंबर ३. शून्य म्हणजे हाच कॉम्प्युटर, १ म्हणजे ऑफिसचं आतलं नेटवर्क, २ म्हणजे भरवशाच्या साइट, ३ इंटरनेट, ४ म्हणजे एकदम नको. हल्ली ब्राउझर त्याच चिठ्ठीत कुठल्या लिंकवरून फाइल उतरवली तेही लिहून ठेवतात, म्हणजे तुम्ही कुणाला पेन ड्राइव्हऐवजी अख्खी डिस्क दिलीत तर फाइलींबरोबर त्या कुठून आणल्या हेही गेलं.

ही २६ बाइटांची चिठ्ठी फार मोठी कामं करते. प्रोग्रॅम चालू करताना येणारी “खात्री आहे का?” ही विचारणा तिच्या जोरावर. २०२२ पासून नेटवरून आलेल्या एक्सेल आणि वर्डच्या फाइलींतले मॅक्रो, म्हणजे फाइलीत बसवलेले छोटे प्रोग्रॅम, मायक्रोसॉफ्ट ऑफिस सरसकट अडवतं तेही तिच्या जोरावर. आणि आता प्रीव्ह्यू. फाइलीत बाहेरच्या एखाद्या पत्त्याकडे बोट दाखवणारा मजकूर पेरलेला असेल तर नुसत्या प्रीव्ह्यूनं सुद्धा तुमच्या पासवर्डचा ठसा परस्पर त्या पत्त्यावर जाऊ शकतो, म्हणून चिठ्ठी दिसली की प्रीव्ह्यू बंद.

पेन ड्राइव्हचं कोडं इथंच सुटतं. पेन ड्राइव्ह बहुतेक एफएटी ३२ किंवा एक्सफॅट पद्धतीची असते आणि त्या कपाटांना चोरकप्पाच नसतो. बिल गेलं, चिठ्ठी गळाली, परत आलेली फाइल विंडोजच्या दृष्टीनं घरात जन्मलेली. इतर प्रकारचे कप्पे असतील तर विंडोज निदान विचारतं की गुणधर्म सोडून कॉपी करू का, आणि आपण न वाचता ‘होय’ दाबतो.

## नेटवर्कवर फाइल जाते म्हणजे नक्की काय जातं?

आपल्याला वाटतं फाइल पाठवली म्हणजे अख्खं कपाट उचलून टेम्पोत घातलं. तसं होत नाही. कपाट जागच्या जागीच राहतं. हमाल येतो, फळ्यांवरचं सामान काढतो, आणि पलीकडच्या घरात दुसऱ्याच कपाटात लावतो. त्यामुळे चोरकप्प्यातलं सामान पोचायला तीन गोष्टी जुळाव्या लागतात, हमालानं “चोरकप्पा आहे का हो?” असं विचारलं पाहिजे, दोन घरांच्या बोलण्यात त्या प्रश्नाला शब्द पाहिजे, आणि नव्या कपाटाला तसा कप्पा पाहिजे. एक जरी हुकलं तरी सामान राहतं, आणि घोळ असा की हमाल पावती देताना “सगळं पोचलं” असंच म्हणतो, कारण त्याच्या लेखी सगळं म्हणजे फळ्यांवरचं.

नेटवर्कवर विंडोजची बोली एसएमबी. तिच्यात चोरकप्प्याला शब्द आहे. तुमचा पीसी सर्व्हरला आधी विचारतो की बाबा तुझ्याकडे नाव असलेले प्रवाह चालतात का, सर्व्हर उत्तरात एक खूण लावतो किंवा लावत नाही, आणि पुढचं त्यावर ठरतं. दोन्हीकडे विंडोज आणि दोन्हीकडे एनटीएफएस असेल तर सुखानं सगळं जातं. मायक्रोसॉफ्टचं स्वतःचंच दुसरं कपाट, रीएफएस, २०१२ च्या सर्व्हरबरोबर आलं तेव्हा त्यात मात्र चोरकप्पा नव्हता, नंतर देताना १२८ केबीचा दिला.

## घरातला नेटवर्क स्टोरेजचा डबा

खरा घोटाळा इथं होतो, म्हणून जरा थांबून बघू. बाजारात मिळणाऱ्या अशा बहुतेक डब्यांच्या पोटात लिनक्स, म्हणजे युनिक्सच्या वळणाची ऑपरेटिंग सिस्टिम, असतं, आणि विंडोजशी एसएमबीत बोलायला सांबा नावाचा प्रोग्रॅम. सांबा दुभाष्या आहे, समोरून विंडोज चोरकप्पा मागतं आणि पाठीमागं लिनक्सच्या कपाटाला तो नाही. मग तो दोनपैकी एक युक्ती करतो, आणि करतो म्हणजे सेटिंगमध्ये सांगितलं असेल तरच करतो. काहीच सांगितलं नसेल तर खूणच लावत नाही.

पहिली युक्ती, लिनक्समध्ये फाइलीला जोडून छोट्या टिपा ठेवायची सोय असते, एक्स्टेंडेड अ‍ॅट्रिब्यूट, त्यात चोरकप्प्यातलं सामान कोंबायचं. चिठ्ठी २६ बाइटांची, आरामात मावते. पण या टिपा म्हणजे डब्याच्या झाकणावर चिकटवलेलं लेबल, डब्यातला डबा नव्हे. ईएक्सटी ४ पद्धतीच्या डिस्कवर सगळ्या टिपांना मिळून साधारण ४ केबी जागा, आणि कुठलीही डिस्क असली तरी लिनक्स एका टिपेला ६४ केबीच्या पुढं जाऊ देत नाही. चोरकप्पा मात्र मूळ कल्पनेत एक पूर्ण फाइलच आहे, त्यात जीबीच्या जीबी ठेवा, मधूनच वाचा, मधेच बदला. टिपेचं तसं नाही, ती आख्खी वाचायची आणि आख्खी लिहायची.

दुसरी युक्ती, शेअरच्या, म्हणजे नेटवर्कवर सगळ्यांना उघडून दिलेल्या फोल्डरच्या, मुळाशी एक लपलेलं फोल्डर करायचं आणि सगळ्यांचे चोरकप्पे तिथं साध्या फाइली म्हणून ठेवायचे. साइजचा प्रश्न मिटला. पण कुठला कप्पा कुठल्या फाइलीचा हे सांबा डिस्कनं फाइलीला दिलेल्या आतल्या नंबरावरून ओळखतो. डिस्क बिघडली, बॅकअपवरून फाइली परत आणल्या की नंबर नवीन पडतात. कप्पे सगळे शाबूत आणि मालक कुणाचाच सापडत नाही, लग्नाच्या हॉलबाहेर चपलांचा ढीग विस्कटावा तसं.

मॅकवाल्यांसाठी सांबात ‘फ्रूट’ नावाचं वेगळं मॉड्यूल आहे, ते मोठे रिसोर्स फोर्क बाजूला स्वतंत्र फाइलीत ठेवतं. सफरचंद म्हणून फ्रूट, प्रोग्रॅमरांचा विनोद.

## आणि एनएफएस?

एनएफएसच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या आवृत्तीत चोरकप्प्याला शब्दच नव्हता. चौथीत, डिसेंबर २००० मध्ये, तो आला, नेम्ड अ‍ॅट्रिब्यूट या नावानं, आणि कागदावर तो चांगला भरभक्कम आहे, म्हणजे खरोखर फाइलीसारखा उघडता येणारा कप्पा. सनच्याच सोलारिस या युनिक्सनं तो पाळलाही. लिनक्सनं नाही. लिनक्सच्या स्वतःच्या कपाटात जे नाही ते नेटवर्कवरून देणार कुठून? शेवटी डिसेंबर २०१७ मध्ये एनएफएसला वेगळी पुरवणी जोडली, फक्त त्या छोट्या टिपा नेण्या-आणण्यापुरती, आणि २०२० मध्ये लिनक्सच्या ५.९ कर्नेलमध्ये, म्हणजे गाभ्यात, ती आली. माझ्या मते ही तडजोड शहाणपणाची आहे, कारण रोजच्या वापरातल्या चोरकप्प्यांत बहुतेक वेळा चिठ्ठ्याच असतात, फर्निचर नाही.

एकच डबा विंडोजला एसएमबीनं आणि लिनक्सला एनएफएसनं देणारी ऑफिसं पुष्कळ आहेत. तिथं विंडोजवाल्यानं ठेवलेला कप्पा लिनक्सवाल्याला दिसतच नाही, तो सीपी कमांडनं फाइल कॉपी करतो, सीपी न सांगता टिपा नेत नाही, आरसिंक या कॉपीच्या टूलला सुद्धा मोठा एक्स लावून सांगावं लागतं, आणि चिठ्ठी गळाली हे कुणाच्या गावीही नाही.

ही गळती डोळ्यांनी बघायची असेल तर विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय आहे ना, डब्ल्यूएसएल, तिच्यात नेटवरून उतरवलेली फाइल एक्सप्लोररमधून टाका. हे सामानही आतल्या आत एका नेटवर्कच्या बोलीतूनच जातं. तिकडं जाऊन यादी काढली की शेजारी आणखी एक फाइल दिसते, नाव म्हणजे मूळ फाइलीचं पूर्ण नाव, कोलन, झोन डॉट आयडेंटिफायर. चोरकप्पा ठेवायला जागा मिळाली नाही म्हणून हमालानं तो कपाटाच्या बाजूला जमिनीवर ठेवलाय. लोक त्याला व्हायरस समजून घाबरतात. चिठ्ठी आहे हो, उघडून वाचा.

## “लिनक्सवाल्यांनी सरळ सोय करून का नाही टाकली?”

हा प्रश्न हमखास येतो आणि त्यात आळसाचा संशय असतो. अडचण कोलनपासूनच सुरू होते. विंडोजमध्ये फाइलीच्या नावात कोलन चालत नाही म्हणून त्यांनी तो कप्प्यासाठी राखला. युनिक्समध्ये नावात कोलन चालतो, लोकांनी वर्षानुवर्षं तशी नावं ठेवलीत, आता अचानक त्याचा अर्थ बदलला तर जुने प्रोग्रॅम चुकीच्या दारात शिरतील. दुसरं म्हणजे फाइल कॉपी करणारी, झिप करणारी, बॅकअप घेणारी शेकडो टूलं, त्या सगळ्यांना चोरकप्पा शिकवावा लागेल, आणि एकानं जरी ऐकलं नाही तर गळती आहेच.

तिसरं कारण सुरक्षिततेचं आणि ते पोकळ नाही. १९९८ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या वेब सर्व्हरवर एखाद्या पानाच्या पत्त्यापुढं दोन कोलन आणि ‘डॉलर डेटा’ हा प्रवाहाचा प्रकार जोडला की सर्व्हर पान चालवण्याऐवजी त्याचा अख्खा प्रोग्रॅमच वाचायला द्यायचा, कधीकधी डेटाबेसच्या पासवर्डासकट. का, तर सर्व्हर फाइलीच्या नावाचा शेवट बघून ठरवायचा की ही चालवायची का नुसती द्यायची, आणि शेवट बदललेला दिसला. एकाच वस्तूला दोन पत्ते दिले की पहारेकरी गोंधळतात. २००० मध्ये मूळ प्रोग्रॅम चोरकप्प्यात ढकलून त्याच्या जागी स्वतः बसणारा व्हायरसही आला.

## “मग काढूनच टाका ना ही भानगड”

कुणी काढायची? विंडोजची चिठ्ठी त्यात, मॅकचा जुना माल त्यात. मॅकही नेटवरून आलेल्या फाइलीवर अशीच खूण ठेवतो, २००७ पासून. काढायच्या तर या खुणा दुसरीकडं कुठं ठेवणार? फाइलीच्या मजकुरात घातल्या तर फाइलच बदलते, सही केलेली पीडीएफ असेल तर सही मोडते. मला स्वतःला चोरकप्पा ही कल्पना आवडत नाही, पण नेटवर्कनं तो न्यायचाच नाही म्हणणं हे हमालानं “तुमच्या कपाटात चोरकप्पा असणं मला मान्य नाही” म्हणण्यासारखं आहे. मान्य नसेना का, सामान तर आमचं आहे.

## “अँटिव्हायरस बघत नाही का? आणि बॅकअपचं काय?”

आजचे अँटिव्हायरस चोरकप्पेही तपासतात, ती काळजी करत बसू नका. उलटी काळजी करा, चिठ्ठी गळण्याची. हल्लेखोरांनी चिठ्ठी चोरली नाही, तर ती आपोआप गळेल असे रस्ते शोधले. आयएसओ फाइल, म्हणजे अख्ख्या सीडीची नक्कल असलेली एकच फाइल, पाठवायची, चिठ्ठी बाहेरच्या डब्याला लागते, आतल्या फाइलीला लागत नाही. विंडोजनं हे भोक नोव्हेंबर २०२२ मध्ये बुजवलं. झिप उघडणाऱ्या सेव्हन झिप या प्रोग्रॅमनं चिठ्ठी आतल्या फाइलींना लावायची सोय त्याच वर्षी दिली.

बॅकअपबद्दल एकच सांगतो, शेअरवर एक फाइल ठेवा, तिला हातानं एक कप्पा जोडा, बॅकअप घ्या, परत आणा आणि स्लॅश आर लावून बघा. सेल्समन काय म्हणतो त्यापेक्षा हे खरं.

प्रीव्ह्यूसाठी, फाइल खरंच ओळखीच्या माणसाकडून आली असेल तर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, अनब्लॉक. म्हणजे तुम्ही चिठ्ठी फाडता, बाकी काही नाही. ऑफिसच्या सर्व्हरवरच्या सगळ्याच फाइलींना प्रीव्ह्यू नसेल तर मात्र चिठ्ठीचा दोष नसतो, विंडोज त्या सर्व्हरलाच इंटरनेट समजतंय, बरेचदा तुम्ही तो आयपी नंबरानं उघडता म्हणून. इंटरनेट ऑप्शन्समध्ये जाऊन त्याला लोकल इंट्रानेटमध्ये घाला, लॉग ऑफ करून परत या.

आणि ते बावीस फॉन्ट. जुन्या मॅकनं पेन ड्राइव्हला चोरकप्पा नाही हे ओळखून प्रत्येक फॉन्टशेजारी टिंब आणि अंडरस्कोरनं सुरू होणारी एक जोडफाइल ठेवली होती, अख्खा फॉन्ट तिच्यात. मॅकवर ती दिसत नाही, विंडोजवर दिसते, आणि विंडोजच्या पीसीवर बसलेल्या पोरानं नेटवर्कच्या डब्यावर टाकायच्या आधी “हा कचरा” म्हणून बावीसच्या बावीस उडवल्या होत्या. जुना मॅक अजून विकला नव्हता म्हणून निभावलं. मी म्हटलं मॅकवरच झिप कर, त्या जोडफाइली झिपच्या पोटात एका वेगळ्या फोल्डरात बसतात, आणि झिप न उघडता नव्या मॅकवर ने. संध्याकाळी परत फोन आला, मित्र नव्हता, तोच पोरगा होता. “काका, झिप उघडून बघितली, आत मॅकओएसएक्स नावाचं एक फालतू फोल्डर आलंय, उडवू ना?”